टोमॅटोचं झाड हिरवंगार असतानाच मान टाकतं: गोव्याच्या परसातली मर आणि तिला तग धरणाऱ्या जाती

रोप लावून दीड महिना झालेला असतो. पहिली फुलं येऊन गेलेली असतात, एखाद्या घोसात वाटाण्याएवढी फळं दिसायला लागलेली असतात. अशात एका दुपारी झाडाचा शेंडा झुकतो. ऊन लागलं असेल म्हणून आपण पाणी घालतो. संध्याकाळी झाड पुन्हा ताठ होतं आणि आपल्याला बरं वाटतं. दुसऱ्या दिवशी दुपारी अर्धं झाड खाली येतं, तिसऱ्या दिवशी सकाळीसुद्धा ते उठत नाही. पान पिवळं नाही, डाग नाही, कीड नाही. हिरव्यागार पानांनिशी झाड मेलेलं असतं. आठवडाभरात शेजारचं जातं, मग त्याच्या शेजारचं.

फोंडा तालुक्यातल्या आमच्या परसात हे सलग चार वर्षं झालं. पहिल्या वर्षी शेजारच्या काकी म्हणाल्या, "अगो, पाणी कमी पडतंय गो तुझ्या झाडांना." मी पाणी वाढवलं, झाडं आणखी लवकर गेली. दुसऱ्या वर्षी शेणखत वाढवलं. तिसऱ्या वर्षी एका रोपवाटिकेतून महागातली संकरित रोपं आणली. चौथ्या वर्षी बुरशीनाशक फवारलं. यातलं काहीच लागू पडलं नाही, कारण रोग कुठला आहे हेच मी तोवर तपासलेलं नव्हतं. टोमॅटोची जात निवडताना चव, आकार, पाकिटावरचं चित्र हे सगळं नंतर येतं. आपल्या मातीत कुठला रोग बसलेला आहे हे आधी कळायला हवं, आणि गोव्याच्या मातीत बहुतेक ठिकाणी तो जिवाणूजन्य मर रोग असतो.

आधी पेल्यातली परीक्षा

ही परीक्षा घरी दहा मिनिटांत होते, पैसा लागत नाही. नुकतंच मान टाकलेलं झाड घ्यायचं, पूर्ण वाळलेलं नको. जमिनीच्या लगेच वर खोडाचा बोटभर लांबीचा तुकडा धारदार सुरीने कापायचा. कापलेला भाग आधी बघा: मधल्या गाभ्याभोवतीचं कडं तपकिरी झालेलं असतं. मग काचेच्या स्वच्छ पेल्यात पाणी भरून तो तुकडा असा धरायचा की कापलेलं टोक पाण्यात बुडेल, पण तळाला टेकणार नाही. मी दोऱ्याने बांधून चमच्याला टांगला होता. पेला हलवू नका, मागे काहीतरी काळं ठेवा आणि थांबा.

तीन-चार मिनिटांत कापलेल्या टोकातून दुधासारखे पांढरे धागे सुटायला लागतात. उदबत्तीचा धूर जसा वर जातो तसेच, पण खाली, सावकाश, वळणं घेत. थोड्या वेळाने अख्खं पाणी गढूळ होतं. हे धागे म्हणजे राल्स्टोनिया सोलनसीरम नावाच्या जिवाणूंचे लोट. हेच जिवाणू झाडाच्या पाणी वर नेणाऱ्या नळ्यांत दाटून बसतात. मातीत भरपूर पाणी असतं, पण ते वर चढायला वाट नसते. म्हणून झाड हिरवं असतानाच तहानेनं मरतं, आणि म्हणूनच पाणी वाढवून काही होत नाही. उलट ओल्या, गरम मातीत हे जिवाणू जोमाने वाढतात आणि वाहत्या पाण्याबरोबर पुढच्या झाडाच्या मुळाशी पोचतात. मी पाणी वाढवून नेमकं तेच करत होते.

धागे सुटले नाहीत तर दुसरी कारणं बघायची. झाड मुळासकट उपटा. बुंध्याशी कापसासारखी पांढरी बुरशी आणि तिच्यावर मोहरीएवढे गोल तपकिरी दाणे दिसले तर तो स्क्लेरोशियम बुरशीचा रोग. अर्धवट कुजलेला पाला खोडाला चिकटून ठेवला की हा हमखास येतो, तेव्हा आच्छादन खोडापासून वीतभर लांब ठेवायचं आणि मातीत ट्रायकोडर्मा ही उपयोगी बुरशी मिसळायची. मुळांवर गाठी असतील तर सूत्रकृमी, म्हणजे मुळांत शिरणारे अतिसूक्ष्म जंत. खालची पानं आधी पिवळी पडत, अनेकदा झाडाची एकच बाजू धरून, हळूहळू वर जाणारी मर असेल आणि पेल्यातलं पाणी स्वच्छ राहिलं, तर फ्युजेरियम बुरशीचा संशय घ्यायचा. पण तीन दिवसांत हिरवं झाड खलास आणि पेल्यात पांढरे धागे, असं असेल तर दुसरं काही शोधत बसू नका.

गोव्यातच हे एवढं का

आपली जांभ्याची माती आम्लधर्मी. पावसाळ्यात तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि मातीतला चुना धुऊन नेतो. वर उष्णता. या जिवाणूला तीस-पस्तीस अंशांची ओली माती सगळ्यात मानवते, आणि आपल्याकडे थंडी कधी इतकी पडतच नाही की तो गप्प बसेल. एकदा जमिनीत शिरला की वर्षानुवर्षं राहतो. टोमॅटो नसला तर वांगी, मिरची, बटाटा यांच्या मुळांवर जगतो, कुंपणाला उगवणाऱ्या कामोणीसारख्या तणावरसुद्धा. आपल्या परसात वांगी आणि मिरची नाही असं वर्ष जातं का? मिरची संपली की त्याच वाफ्यात टोमॅटो, ही माझीच रीत होती. रोगाला मी घर बदलायची वेळच येऊ दिली नव्हती.

या रोगावर झाड वाचवणारं औषध नाही. बुरशीनाशक जिवाणूवर चालत नाही. प्रतिजैविक ओतून झाड उठतं असं कुणी सांगितलं तर पैसे घालवू नका, त्यातून मातीचंच नुकसान होतं. आजारी झाड मातीच्या गोळ्यासकट काढायचं, पिशवीत घालून बाहेर न्यायचं आणि वाळवून जाळायचं. गांडूळखताच्या खड्ड्यात किंवा माडाच्या आळ्यात अजिबात टाकू नका. खुरपं, कोयती धुऊन उन्हात ठेवा. त्या वाफ्यात काम करायचं ते दिवसाच्या शेवटी, चांगल्या वाफ्यांचं काम उरकल्यावर.

पाकिटावरची अक्षरं कशी वाचायची

तिसऱ्या वर्षी मी जी फसले ती इथे. पाकिटावर "रोगप्रतिकारक" असं ठळक छापलेलं होतं, नावापुढे व्ही, एफ, एन अशी इंग्रजी अक्षरं होती. मी समजले, सगळ्या रोगांना पुरून उरणारं बी मिळालं. ती अक्षरं म्हणजे व्हर्टिसिलियम, फ्युजेरियम आणि निमॅटोड, म्हणजे सूत्रकृमी. व्हर्टिसिलियम थंड हवेतला रोग, त्याचा आपल्याला काय उपयोग? सूत्रकृमींना अडवणारा जो गुण टोमॅटोत सहसा वापरतात, तो मातीचं तापमान अठ्ठावीस अंशांच्या वर गेलं की ढिला पडतो, आणि आपल्या मातीला तेवढं तापायला वेळ लागत नाही. जिवाणूजन्य मरीबद्दल त्या तीन अक्षरांत एक शब्दही नाही.

आपल्याला शोधायचं ते "जिवाणूजन्य मर", इंग्रजीत "बॅक्टेरियल विल्ट". पाकिटावर त्याची खूण बी डब्ल्यू किंवा आर एस अशी असते. नुसतं "मर रोग प्रतिकारक" लिहिलेलं असेल तर दुकानदाराला विचारा, बुरशीची मर की जिवाणूची? त्याला सांगता आलं नाही तर ते बी ठेवून द्या.

मी आता काय लावते

बंगळुरूजवळ हेसरघट्ट्याला भारतीय बागवानी संशोधन संस्था आहे. नावात "अर्का" असलेल्या जाती तिथल्या. त्यांतल्या सगळ्याच मरीला तग धरत नाहीत, म्हणून नाव नीट बघून घ्यायचं. अर्का रक्षक आणि अर्का सम्राट हे दोन संकर तीन रोगांसाठी काढलेले आहेत: जिवाणूजन्य मर, पानं गुंडाळणारा विषाणू आणि लवकर येणारा करपा. अर्का अभेद त्यांच्या पुढचा, त्यात उशिरा येणाऱ्या करप्यालाही प्रतिकार आहे. अर्का अनन्या मर आणि पानं गुंडाळणारा विषाणू या दोघांना. पहिल्यांदा लावणाऱ्याला मी अर्का रक्षक सांगते. फळ घट्ट, गर्द लाल, शंभर ग्रॅमपर्यंतचं, आणि झाडाला मन लावून आधार दिला तर भरभरून येतं. चव? कोशिंबिरीला चांगली, भाजीला उत्तम. सारासाठी मात्र मला त्यात आंबटपणा कमी वाटतो. साल जाड असते, कारण दूरच्या बाजारात पाठवताना फळ टिकावं हा त्यामागचा विचार आहे. आपण ते फळ दारातून स्वयंपाकघरापर्यंतच नेणार आहोत, तेव्हा जाड साल आपल्याला नको असेल तर दुसरीकडे बघायला हवं.

दुसरीकडे म्हणजे केरळात. तिथली माती, पाऊस, हवा आपल्यासारखीच, त्यामुळे केरळ कृषी विद्यापीठाने मरीला तोंड देणाऱ्या जाती काढल्या यात नवल नाही: शक्ती, मुक्ती, अनघा. अर्का आभा आणि अर्का आलोक या बंगळुरूच्या दोन जुन्या जातीही याच कामाच्या. या पाचही सरळ जाती आहेत, संकर नाहीत. म्हणजे आपल्याच झाडाचं चांगलं फळ पिकवून त्याचं बी पुढच्या वर्षाला धरता येतं. रक्षक, सम्राट, अभेद, अनन्या यांचं बी धरलं तर पुढची पिढी सारखी येत नाही, काही रोपांत प्रतिकार उतरतो, काहींत नाही. परसबागेसाठी ही गोष्ट लहान नाही. अनघाचं फळ लहानसं, रसदार, आणि त्याला टोमॅटोचा असा एक वास आहे जो बाजारातल्या फळाला येतच नाही. माझ्या घरी साराला आता तेच लागतं. सासूबाई सार चाखून नुसतं "हां" म्हणाल्या, त्या दिवसापासून मी त्याचं बी धरते.

या जातींची फळं लहान का, असं अनेकजण विचारतात. मरीला तोंड देण्याचा गुण लहान फळांच्या झाडांतून आलेला आहे, आणि मोठं फळ व प्रतिकार यांची सांगड घालताना पैदासकारांना फार झगडावं लागलं. जगभर मरीचा प्रतिकार मोजताना ज्या झाडाशी तुलना करतात ते हवाई ७९९६ हेसुद्धा लहान फळाचंच. तेव्हा पावशेराचा गरगरीत टोमॅटो हवा आणि मरीचीही भीती नको, असं दोन्ही मागू नका. लहान फळाचा हट्ट धरला तर चव आपोआप मिळते, असा माझा अनुभव आहे.

आणि पुसा रूबी? दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेची ही जुनी जात. चपटी, खाचा पडलेली, पातळ सालीची, मस्त आंबट. तिला मरीचा प्रतिकार नाही, पण मला ती सोडवत नाही. ती मी जमिनीत लावत नाही, पिशवीत लावते. नवी माती, त्यात कंपोस्ट आणि नारळाचा काथ्या, आणि पिशवी दोन चिऱ्यांवर उचलून ठेवलेली. पिशवीच्या तळाला जमिनीचा स्पर्श झाला की भोकातून मूळ खाली उतरतं, किंवा पावसाचं पाणी उडून वर येतं, आणि मग पिशवीचा काही अर्थ राहत नाही. पिशवीसाठी परसातलीच माती खणून घेऊ नका. तीही रोगटच असणार.

वांग्यावर टोमॅटोचं कलम हाही एक मार्ग आहे. मरीला दाद न देणाऱ्या वांग्याच्या रोपावर आवडत्या टोमॅटोचा शेंडा बसवायचा. खालचं मूळ वांग्याचं, वरचं फळ टोमॅटोचं. तैवानमधल्या जागतिक भाजीपाला केंद्राने यासाठी ईजी २०३ नावाचं वांगं सुचवलेलं आहे, केरळात त्यांचं हरिता वांगं वापरतात. आगशीच्या वांग्यांना भौगोलिक मानांकन आहे आणि ती चवीला अप्रतिम, पण खुंट, म्हणजे कलमाचं खालचं रोप, म्हणून ती घेऊ नका. खुंटाला मरीचा सिद्ध प्रतिकार हवा, चव नव्हे. दोन्ही रोपं तीन-चार पानांची आणि सारख्या जाडीची असताना तिरका काप देऊन जोडायची, क्लिप लावायची, आणि आठवडाभर पारदर्शक डब्याखाली सावलीत, दमट हवेत ठेवायची. लावताना जोड मातीच्या वर चार बोटं राहिला पाहिजे. तो मातीत गेला तर टोमॅटो स्वतःची मुळं सोडतो आणि रोग त्याच वाटेने आत शिरतो. माझी पहिली सहा कलमं अशीच गेली.

जात एकटी पुरत नाही

प्रतिकार म्हणजे अभेद्य कवच नव्हे. मार्चच्या तापलेल्या मातीत अर्का रक्षकाचीही एक-दोन झाडं माझ्याकडे बसली आहेत. मुळांना सूत्रकृमींनी भोकं पाडली तर प्रतिकारक जातसुद्धा हार खाते. म्हणून वेळ सांभाळायची. मी बी चवथीच्या सुमारास आडोशाला, ट्रेमध्ये टाकते. दसरा झाला, पाऊस ओसरला की महिन्याची रोपं वाफ्यात जातात. नाताळच्या आसपास पहिली फळं लाल होतात आणि माघातल्या जत्रांपर्यंत घरचा टोमॅटो पुरतो. रात्र बावीस अंशांच्या वर गरम राहायला लागली की फुलं गळायला लागतात, मग कुठलीही जात आणा. मे महिन्यात परसात टोमॅटो हवा हा हट्ट मी सोडला, बेळगावहून येतो तो घेते.

मातीला चुना द्या. लागवडीच्या दोन-तीन आठवडे आधी चौरस मीटरला एक-दोन मुठी, मातीत मिसळून. खताबरोबर एकाच दिवशी नको. त्याआधी माती तपासून घ्या, जुन्या गोव्याच्या किंवा मडगावच्या कृषी विज्ञान केंद्रात याबाबत सांगतात. चुन्याने मर जात नाही, पण रोगाचा जोर कमी होतो आणि फळाच्या बुडाला काळा, चामड्यासारखा डाग पडतो तोही कमी होतो. तो डाग रोग नसून कॅल्शियमची आणि एक दिवस पूर, चार दिवस दुष्काळ अशा पाण्याची तक्रार असते.

ज्या वाफ्यात मर आली तिथे तीन वर्षं टोमॅटो, वांगी, मिरची नको. मी तिथे पावसाळ्यात भेंडी, मग तांबडी भाजी आणि मुळा, नंतर अळसांदे, म्हणजे चवळी, असं फिरवते. वाफे उंच करायचे, वीतभर तरी, म्हणजे पाणी मुळाशी तुंबत नाही, आणि एका वाफ्यातलं पाणी दुसऱ्यात वाहणार नाही अशी चर काढायची. एप्रिल-मे मोकळा असतो तेव्हा वाफा भिजवून त्यावर पारदर्शक प्लॅस्टिक घट्ट ताणून, कडा मातीने दाबून महिना-दीड महिना ठेवा. काळं नको, पारदर्शकच. वरची वीतभर माती चांगली तापते आणि तणाचं बीसुद्धा मरतं. खोलवरचे जिवाणू उरतात, म्हणून हे दरवर्षी करायचं. लावताना रोपांची मुळं स्युडोमोनास या उपयोगी जिवाणूच्या द्रावणात, लिटरला वीस ग्रॅम, अर्धा तास बुडवून ठेवते. रोगाच्या वर्षी एवढ्याने झाडं वाचली नसती, पण चांगल्या जातीला त्याचा हातभार लागतो.

रोपं विकत घेणार असाल तर ती मातीच्या वाफ्यातून उपटलेली नकोत, काथ्याच्या ट्रेमधली घ्या. माझ्या परसात मर मुळात कुठून आली हे मला सांगता येणार नाही, पण तिसऱ्या वर्षी आणलेल्या रोपांच्या मुळांना जी चिकट लाल माती होती, ती मी आज दारातून आत येऊ दिली नसती.

पानं गुंडाळली तर

हा मरीनंतरचा दुसरा त्रास. शेंडा आखडतो, पानं वाटीसारखी वर वळतात, झाड खुजं राहतं. पांढरी माशी हा विषाणू आणते. रोपं लहान असताना बारीक जाळीखाली ठेवणं हाच खरा इलाज, कारण लहानपणी लागण झाली की फळ धरतच नाही. वाफ्यात पिवळे चिकट कागद लावा आणि पहिलं गुंडाळलेलं झाड दिसताच काढा. इथे रक्षक, अनन्या, अभेद कामी येतात. अनघा, आभा, आलोक यांचा जोर मरीपुरताच धरून चाला. म्हणून मी दोन्ही गट लावते, वाफे वेगळे ठेवून.

चवीचं उरलेलं

चांगली जात लावूनही फळ पाणचट लागलं तर दोन गोष्टी तपासा. फळं रंग धरायला लागल्यावर पाणी रोज भरपूर देताय का? थोडं हात आखडा, माती सुकू न देता. युरिया किंवा कोंबडीखत जास्त झालं तरी पाला माजतो आणि फळात गोडी उतरत नाही. रंग फिरला, म्हणजे बुडाशी गुलाबी छटा आली की फळ काढून घरात टोपलीत पिकवलं तरी चव जात नाही, आणि पक्षी व फळमाशीपासून ते वाचतं. फ्रीजमध्ये मात्र ठेवू नका. बारा अंशांच्या खाली टोमॅटोचा वास मरतो आणि तो पूर्णपणे परत येत नाही.

या हंगामात मी अनघाची आठ, रक्षकाची चार आणि पिशव्यांत पुसा रूबीची तीन रोपं लावली आहेत. जिथे चार वर्षं झाडं गेली त्या विहिरीकडच्या वाफ्यात यंदा अळसांदे आहेत. काल दुपारी ऊन चढल्यावर सगळी झाडं फिरून बघितली. पंधराच्या पंधरा ताठ उभी होती.